कुंदाताईला सुई टोचली नाही

आमच्या घरात कुणी ना कुणी कायम खोकत असायचं, त्यामुळे खोकल्याचं कुणाला काही वाटत नसे. घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती, पत्र्याच्या छपराची, एका ओळीत खोल्या आणि पुढे सामाईक ओटा. पलीकडेच खदान. दुपारी सुरुंग उडाले की फळीवरची पितळी भांडी थरथरायची आणि मग पांढरी धूळ हळूहळू सगळ्या चाळीवर उतरायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सुकटीवर, आमच्या केसांत. त्या धुळीने पोरं खोकायची, चुलीच्या धुराने बायका खोकायच्या, बिड्यांनी बाप्ये खोकायचे. आणि आमचा दिनूकाका खोकायचा तो गिरणीतल्या कापसामुळे, असं आम्ही समजत होतो. ‘कापूस बसलोहा छातीत,’ असं तो स्वतःच म्हणायचा, छातीवर दोन थापा मारायचा आणि परत हसायला लागायचा.

दिनूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दोघेही कुर्ल्याच्या गिरणीत होते, बाबा मागावर आणि काका कापूस पिंजतात त्या खात्यात. काकाचं लग्न झालेलं नव्हतं, तो आमच्याकडेच राहायचा. आवाज असा की गुरुवारी भजनाला त्याने वरचा सूर लावला म्हणजे बिऱ्हाडाबिऱ्हाडांतल्या बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. त्याचा सगळा जीव माझ्या थोरल्या बहिणीवर, कुंदाताईवर. ती रांगत होती तेव्हापासून तो तिला आपल्या ताटात जेवायला घ्यायचा आणि ती सोळा वर्षांची झाली तरी ती सवय सुटली नव्हती. बांगड्याचं तिखलं असलं की काटे काढून मधला गर तिच्या बाजूला सरकवायचा. आई करवादायची, ‘भांड्यांका काय तोटो आसा घरात? दोन ताटां घेवक काय होता?’ पण ती करवादायची ते आपलं सवयीने. त्या दोघांना एका ताटात जेवताना बघणं तिला आवडायचं, हे मला ठाऊक होतं. माझ्या वाट्याला असा काका आला नाही, म्हणून मी धुसफुसायची. मला सगळे बेबी म्हणत, आणि ताई आणि माझ्यात सात-आठ वर्षांचं अंतर होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं. आईच्या तोंडावर देवीचे व्रण होते. लहानपणी गावी तिला देवी आल्या होत्या, त्यातून ती वाचली. पुढे काही वर्षांनी वाडीत परत साथ आली तेव्हा घराघरांतून आजाऱ्यांजवळ बसायला तिलाच बोलावलं गेलं. कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालायचा, अंगाला कपडा लागू द्यायचा नाही, तोंडात पेज घालायची. ज्या घरात सख्खी माणसं उंबऱ्याबाहेर थांबली होती, तिथे ही परकरी पोर बिनधास्त आत-बाहेर करायची. ‘एकदा देवीआई येवन गेली काय ती परत येवची नाय,’ हा त्यांच्या वाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, आणि तो खराच होता. आई शाळेत गेली नव्हती. पण रोगराईतलं एक पक्कं ज्ञान आपल्याजवळ आहे, आणि ते आपण अंगावर कमावलेलं आहे, असं तिला वाटायचं. व्रण पडलेल्या तोंडाची तिला कधी लाज वाटली नाही. उलट, ती ते तोंड घेऊन मान वर करून वावरायची.

क्षयाची लस टोचणारी माणसं आमच्या चाळीत आली तेव्हा निम्मी चाळ दारं लावून बसली. नाना अफवा. कुणी म्हणे या सुईने पुढे मूल होत नाही, कुणी म्हणे हात लुळा पडतो. आई मात्र पदर खोचून पुढे झाली. ‘देवीची टोचल्यानी म्हणान आज पोरांची तोंडां बरी आसत. येवा सगळी,’ असं म्हणत तिने आम्हा दोघींनाच नव्हे, तर शेजारच्या गावडेकाकूच्या पोरांनाही ओढत पटांगणात नेलं. तिथे टेबल मांडलं होतं, स्टोव्हवर पाण्यात सुया उकळत होत्या. पहिल्या दिवशी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई टोचली, मुंगी चावल्यासारखी. ही लस नव्हे, नुसती तपासणी, तीन दिवसांनी परत या, असं सांगून त्यांनी आम्हाला घालवलं. ते तीन दिवस आम्ही पोरं एकमेकांचे हात बघत हिंडलो. माझ्या हाताला काहीच नाही. ताईच्या हाताला मात्र तांबडीलाल गाठ वर आली, सुपारीएवढी, कडक.

तीन दिवसांनी एक माणूस पट्टी घेऊन बसला होता. हात पुढे केला की तो गाठ मोजायचा, आकडा सांगायचा आणि बाजूला बसलेला लिहून घ्यायचा. ज्यांचा हात साफ होता त्यांच्या दंडावर खरी लस. मला ती टोचली तेव्हा मी अख्खं पटांगण डोक्यावर घेतलं. ताईचा हात त्याने मोजला आणि म्हणाला, ‘हिला लसीची गरज नाही. पुढे.’

‘गरज नाय म्हणजे?’ आईने विचारलं.

‘म्हणजे हिला द्यायची नसते, बाई. चला, लाइन बघा मागे केवढी आहे.’

लाइन खरंच मोठी होती. त्या माणसाला मी आजही फार दोष देत नाही. शेकडो हात मोजायचे, पत्रे तापलेले, पोरं भोकाड पसरलेली, त्यात कुणाकुणाला काय काय समजावणार? पण त्याने जे सांगायचं सोडलं, ते आईने आपल्या पदरचं घालून पुरं केलं. जिला देवी येऊन गेल्या तिला देवीची भीती नाही. तसंच जिच्या हाताला गाठ आली तिला क्षयाची भीती नाही. ती मुळातच पक्की, म्हणून सरकारने तिच्यावर लस वाया घालवली नाही. आई हे कुणाला समजावून सांगत बसली नाही, कारण तिच्या लेखी त्यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. आम्हा पोरांनीही आपली भाषा शोधून काढली होती. सुई टोचली तो नापास, गाठ आली तो पास. मी नापास झाले होते. माझा दंड पुढे पिकला, आठवडेच्या आठवडे वाहत राहिला, आणि ताई मला मांडीवर घेऊन त्यावर फुंकर घालत बसायची. ‘बेबे, खाजवू नकोस हां, नाहीतर परत टोचतील,’ असं म्हणून मला घाबरवायची आणि आपणच हसायची.

माझ्या पणतीला ही लस जन्मल्यावर लगेच, मुलुंडच्या प्रसूतिगृहातच टोचली. नर्सने टोचली आणि गेली, माझ्या नातीला तर फोनवर बोलता बोलता कळलंसुद्धा नाही. अलीकडे आमच्या बिल्डिंगखाली म्हाताऱ्यांनाही तीच लस देण्याची चौकशी करायला दोन बायका येऊन गेल्या. सोसायटीतल्या माझ्या वयाच्या मंडळींनी त्यांना गुडघेदुखीपासून मोतीबिंदूपर्यंत सगळे प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि त्या बिचाऱ्या एकेकाला नीट उत्तरं देत उभ्या राहिल्या. मी लांबून बघत होते. आपल्याला विचारायला कुणी आहे आणि त्याला सांगायला सवड आहे, ही केवढी चैन आहे, हे त्या मंडळींना कुठून कळणार?

तर, लस टोचून गेले त्यानंतर काही दिवसांतच दिनूकाका खचला. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबायला लागला. भजनात वरचा सूर लागेना. गिरणीच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला आणि निदान झालं ते क्षयाचं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पालिकेच्या दवाखान्यात सांगितलं, इंजेक्शनं आणि गोळ्या मिळतील, घरी ठेवलंत तरी चालेल, पण भांडी वेगळी, थुंकायला झाकणाचा डबा, आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नका. आईने खोलीच्या एका कोपऱ्यात जुनं लुगडं दोरीवर टाकून आडोसा केला आणि काकाचं अंथरूण तिथे घातलं. मग प्रश्न आला, त्याचं करायचं कुणी? बाबांना गिरणीची पाळी. आईच्या हातात सगळ्यांचं रांधणं. मी लहान, त्यात नुकतीच लस घेतलेली, ‘अजून कच्ची’. बाबा म्हणाले, बायकी काम असलं तरी गिरणीतून आल्यावर मी करीन. आई म्हणाली, ‘तुम्ही कशाक? कुंदा करीत. तिका काय होवचा नाय.’

आई चुकली, असं हे लिहिताना माझा हात लिहून जातो खरा. पण तिने ताईला पुढे केलं ते मुलगी स्वस्त म्हणून नव्हे. अख्ख्या घरात जी सुरक्षित आहे असं तिला मनापासून वाटत होतं, तिलाच तिने त्या कोपऱ्यात धाडलं. लहानपणी वाडीने तिच्यावर जो विश्वास टाकला, तोच तिने आपल्या लेकीवर टाकला. त्यात तिला अभिमानसुद्धा होता. आणि ताईला तर काय, तिच्या लाडक्या काकाची सेवा! ती पेज भरवायची, पाठ चोळायची, डब्यात राख घालून तो बाहेर ओतून यायची, लुगड्याच्या आड बसून त्याला अभंग म्हणून दाखवायची. मी अलीकडे बसून ऐकायची. काका तिला लोटायचा, ‘कुंदे, लांब बस गो. तोंडार तोंड घेव नको.’

‘माका काय होणा नाय, काका. माका गाठ इली हा.’

‘व्हय गो, तू सरकारी पास!’ असं म्हणून तो हसायचा, हसता हसता त्याला उबळ यायची, आणि ती त्याचं कपाळ हातात धरून ठेवायची.

काका बरा झाला. हे लिहायलाच हवं, कारण पुढे कित्येक वर्षं मला त्याचा राग यायचा आणि तो राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही. इंजेक्शनं लागू पडली, अंगावर मूठभर मांस चढलं, आणि दसऱ्यानंतर तो हवापालट म्हणून गावी गेला. निघताना ताईने त्याच्या पिशवीत चणे-कुरमुरे भरून दिले. आईला तर आभाळ ठेंगणं झालं. घरातला क्षय घरातल्या पोरीने हरवला होता ना! त्याच आनंदात वाकोल्याचं स्थळ आलं. मुलगा छापखान्यात कामाला, हसतमुख, बोटांना शाई लागलेली. त्याच्या आईने ताईला जवळ बसवून घेतलं. आमची आई पोह्यांच्या बश्या मांडता मांडता सहज बोलून गेली, ‘आमच्या कुंदाक सरकारची सुईसुद्धा लागली नाय, इतकी निरोगी आसा.’ सुपारी फुटली. पौष सरल्यावरची तारीख धरायची ठरली.

लग्न ठरलेली मुलगी वाळते म्हणतात. ताई वाळली तेव्हा चाळीतल्या बायकांनी तेच म्हणून तिची चेष्टा केली, आणि ती लाजली. संध्याकाळी तिचं अंग कोमट लागायचं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. खोकल्यावर आल्याचा रस, ओवा, मधात चाटण. मग एक दिवस गावडेकाकू ओट्यावर येऊन हळूच म्हणाली, ‘वयनी, राग मानू नको. पोरीक डॉक्टराक दाखवन ये. दिनूभावजी खोकत तसाच खोकता ती.’

आई अशी उसळली की विचारू नका. ‘तुझ्या जिभेक काय हाड? तिका ता होवचाच नाय! लग्न ठरला म्हणान पोटात दुखता तुझ्या?’ जिचे पोरगे ती स्वतः हाताला धरून लस टोचायला घेऊन गेली होती, तिच्याशी तिने बोलणं टाकलं. काकू बिचारी निमूट घरात गेली. मला अजूनही वाटतं, आईने त्या दिवशी तिचं ऐकलं असतं तर. जर-तरला काही अर्थ नसतो असं शहाणी माणसं सांगतात. त्यांची कुणी बहीण गेलेली नसते.

लग्नाचे पापड लाटायला बायका जमल्या होत्या. पोळपाट-लाटण्यांचा आवाज, हिंगाचा वास, नवऱ्या मुलाच्या नावाने चिडवाचिडवी. मी तेल लावलेल्या लाट्या पळवून खात होते. ताईला उबळ आली, ती तोंडाशी पदर धरून उठली आणि मोरीत गेली. बराच वेळ बाहेर येईना. आई ‘काय गो?’ म्हणत आत गेली आणि तिने मोरीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. बायकांना एवढंच म्हणाली, ‘आज पुरे करूया.’ गावडेकाकू न बोलावता आली होती आणि दाराशीच थांबली होती. तिने पीठ झाकलं, पोळपाट गोळा केले आणि मला आपल्या घरी जेवायला घेऊन गेली.

दवाखान्यात मी आई आणि ताईबरोबर होते. डॉक्टर वयस्क होते, मऊ बोलणारे. त्यांनी ताईच्या छातीचा फोटो उजेडात धरला, खाली ठेवला आणि विचारलं, ‘हिची क्षयाची तपासणी झाली होती का कधी? हातावर गाठ आली होती?’

‘इली हुती तर!’ आई म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात ती जुनी ऐट होती. ‘मोठी इली हुती. लसीची गरजच नाय म्हणाले.’

डॉक्टरांनी खुर्ची आईकडे वळवली. मग म्हणाले, ‘बाई, गाठ येते म्हणजे जंतू आधीच अंगात शिरलेले असतात. म्हणून लस देत नाहीत, कारण मग तिचा उपयोग नसतो. बरेचजण तसेच ठणठणीत राहतात, शरीर त्यांना दाबून ठेवतं. पण अशा मुलीला जपायला हवं. तिला खोकणाऱ्या माणसाजवळ—’ आणि आईच्या तोंडाकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं.

आईने ते वाक्य मनात पुरं केलं. मी तिच्याकडे बघत होते, तिच्या ओठांची हालचाल मला दिसली. ताईचा हात हातात घेऊन ती कोपराखालची ती जागा अंगठ्याने चोळत राहिली. तिथे आता काहीच नव्हतं.

वाकोल्याला निरोप गेला आणि लग्न मोडलं. उपचार सुरू झाले, पण दोन्ही फुप्फुसं धरली गेली होती, फार उशीर झाला होता. त्याच कोपऱ्यात, त्याच लुगड्याच्या आड ताई झोपली. तिचं सगळं आईने केलं, दुसऱ्या कुणाला ती जवळ फिरकू देईना. मी अलीकडून बोलायची. शाळेतल्या गमती सांगायची, मास्तरांच्या नकला करायची, आणि ताई हसली की मला घाबरायला व्हायचं. एकदा मी तिचं बोलणं ऐकलं. आई तिला पेज भरवत होती आणि ताई म्हणत होती, ‘आये, असा तोंड करू नको गो. तू काय मुद्दाम केलंस?’ आईच्या हातातला चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज आला. त्या वाक्याने आई सुटायला हवी होती. पण माफ केल्यावर माणूस सुटतोच असं नाही, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

ताई गेली ती एका दुपारी, मी शाळेतून यायच्या आत. मी आले तेव्हा चाळीत कुणीच मोठ्याने रडत नव्हतं, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, विषमज्वर म्हणायचं. ‘बेबीचं लग्न व्हायचंय अजून,’ ते आईला म्हणाले. चाळीला कळायचं काही राहिलं नव्हतं, पण चाळीनेही विषमज्वरच म्हटलं, माणुसकी म्हणून. गावी काकालाही तेच कळवलं. तो पुढे कधी मुंबईला आला नाही, त्यावरून मला वाटतं त्याला काय ते समजलं असावं. त्याने भजनही सोडलं, असं ऐकलं. आईने बाबांचं ऐकलं. मोरीत नळ सोडून तिथे रडायची, बाहेर आल्यावर पदराने तोंड पुसून कामाला लागायची. कुंदा हे नाव तिने घरात घेतलंच नाही.

पुढे दीड-दोन वर्षांनी लस टोचणारे परत आले. पहिल्या दिवशी आई घराबाहेर पडली नाही. मोजणीच्या दिवशी मात्र तिने हातातलं निवडणं खाली ठेवलं आणि चालू लागली. ‘बेबे, जा तिच्याबरोबर,’ बाबा घाईने म्हणाले. ‘काय करून बसेल, नेम नाही.’ मलाही तीच भीती होती. पट्टीवाला माणूस तोच होता की दुसरा, मला आठवत नाही. पण आई त्याच्याकडे गेलीच नाही. ती रांगेच्या शेवटी, लोक बाहेर पडतात तिथे जाऊन उभी राहिली. वरच्या चाळीतली एक तरुण बाई आपल्या मुलीला घेऊन हसत येत होती. मुलीच्या हातावर चांगली ठसठशीत गाठ. ‘आमची पास झाली!’ ती कुणाला तरी ओरडून सांगत होती.

आईने तिचा हात धरला. ‘पास नाय गो बाय. रोग आत शिरलोहा म्हणान सुई नाय दिल्यानी. घाबरू नको, सगळ्यांक काय होणा नाय. पण हिका जप. खोकणाऱ्या माणसाजवळ बसवू नको. खोकली, ताप इलो, तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. दिष्ट काढीत बसू नको.’

‘तुम्हाला काय माहीत?’ बाईने हात सोडवून घेत विचारलं.

‘माझा चेडू गेला, माझी लेक,’ आई म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली. ‘क्षयान गेला. विषमज्वर नाय. क्षय.’

ओट्यावरून बाबा बघत होते, ते आत निघून गेले. दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावले. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला तिच्या आईने दंडाला धरून लांब ओढलं. माझ्या लग्नाच्या वेळी ते एक वाक्य किती घरांपर्यंत पोचलं होतं ते मी नंतर भोगलं, आणि तरीही त्या वाक्याबद्दल मी आईला कधी एक शब्द बोलले नाही. ती तिथेच उभी राहिली. गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला ती थांबवत होती आणि तेच सांगत होती. काहीजणी ऐकत, काहीजणी अंग चोरून निघून जात.

ती तरुण बाई मात्र गेली नव्हती. मुलीला पोटाशी धरून ती बाजूला उभी होती. रांग संपली तेव्हा ती पुढे आली आणि तिने हलक्या आवाजात विचारलं, ‘नाव काय होतं हो तिचं?’

आईने तोंड उघडलं. पण ते नाव काही तिच्या ओठांवर येईना. ती नुसती मान हलवत राहिली, आणि मग भर पटांगणात, सगळ्यांच्या देखत, खाली मातीत बसून रडायला लागली. बाई माझ्याकडे बघत होती.

‘कुंदा,’ मी सांगितलं.